निरोगी बायकांच्या शोधात

आधी चहा संपवा, मग सांगते. ही फजिती ऐकताना लोक हसतात आणि चहा सांडतात. त्या दिवाणावरच्या चादरीवर डाग दिसतायत ना, ते सगळे याच गोष्टीचे.

खरं म्हणजे हा किस्सा ह्यांचा. फजिती माझी, पण सांगायचे हे. लग्नात सांगितला, बारशाला सांगितला. एकदा कुणाच्या तरी तेराव्याला गेलो होतो, तिथंसुद्धा हळू आवाजात सांगितला, आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं तेच आधी हसले. मी आपली आत जाऊन भांडी आपटायची. आता सांगायला हे नाहीत. मग भांडी तरी कुणावर आपटू? म्हटलं, आपली फजिती आपणच सांगावी.

तर मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायचो. खाली दोन खोल्या, मागं परस, वर फळ्यांची माडी. माडी कसली, सुपारी फोडली तरी खाली चुलीपाशी ऐकू यायचं. घरात माणसं दोन. मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायची. माढ्याकडच्या शेतकरी घरातल्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पेठेत कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्यांना वासावरून कळायचं.

आणि हे? हे भंडारा जिल्ह्यात. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, कालव्याच्या कामावर बदली झालेली. लग्नाला पुरतं वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. करत होते, शेवटचं वर्ष. हेच म्हणाले, "अभ्यास अर्धवट सोडू नकोस. तुझा प्रबंध पास झाला की मी क्वार्टर मागतो, मग ये." बोलायला सोपं होतं. हे गेले आणि माझ्या आणि भंडाऱ्याच्या मध्ये एक प्रबंध येऊन बसला.

हे यायचे दिवाळीला आणि संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेला. एरवी पत्र. ते पत्र कुणाला? आईला. त्या काळी आई घरात असताना बायकोच्या नावानं पत्र टाकणारा मुलगा म्हणजे कामातून गेलेला. आत्यांना वाचता येत नाही, म्हणजे पत्र मी वाचायचं, मोठ्यानं, शेजारची नरसम्मा ऐकायला येऊन बसली असली तरी. पत्रात पाऊस, कालवा, मुरूम, तब्येत सांभाळ. आणि अगदी खाली एक ओळ, "कुसुमला अभ्यास कर म्हणावं." एवढीच काय ती माझी. ती ओळ मीच मला वाचून दाखवायची, आणि आत्या वर म्हणायच्या, "ऐकलंस का, काय म्हनतोय त्यो?" ऐकलं की.

बरं, प्रबंध कशावर? खिन्नतेच्या आजारावर. बायकांमधला. आता ज्या बाईचा नवरा तिकडं त्या टोकाला कालवा खणतोय तिनं हा विषय का घेतला, असं विचारू नका. मला तेव्हा वाटायचं, विषय सोपा आहे म्हणून घेतला.

आमचे सर म्हणजे उपाध्ये सर. बारीक, चष्मेवाले, आणि एक वाक्य तीनदा खोडल्याशिवाय बोलत नसत. मी दवाखान्यात जाऊन मनाच्या आजाराचं औषध घेणाऱ्या बायकांशी बोलले, त्यांना ठरलेले प्रश्न विचारले. झोप कशी लागते, भूक लागते का, मन कशात रमतं, रडू येतं का. उत्तरं घेऊन सरांकडं गेले. वाटलं, झालं काम.

सर म्हणाले, "हे अर्धंच झालं, जगतापबाई."

"का सर?"

"आजारी बाई रडते, हे तुम्ही दाखवलंत. पण निरोगी बाई रडतच नाही, हे कशावरून?"

मी वही चाळायला लागले.

"तेच वय, तसंच घर, तेवढंच शिक्षण, पण धडधाकट. अशा बायका शोधा. त्यांना हेच प्रश्न विचारा. दोन्ही गट शेजारी ठेवल्याशिवाय आजाराबद्दल काहीच म्हणता येत नाही. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रबंध आला पाहिजे. नाहीतर मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी म्हणजे भंडारा आणखी एक वर्ष लांब. पण मग म्हटलं, निरोगी बायकाच पाहिजेत ना? शुक्रवार पेठेत काय तोटा आहे? घागर भरून उंबरा चढताना गाणं म्हणणाऱ्या बायका ह्या.

सुरुवात केली नरसम्मापासून. ही आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. विणकर घरातली, घरी तेलुगू बोलायची. दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि दिवसभर हसायची. तिच्यासारखी निरोगी बाई मी आजवर पाहिली नाही.

"नरसम्मा, झोप कशी लागते?"

"कुठलं झोप घेऊन बसलीस कुसुमा? डोळ्याला डोळा नाही."

तिचं घोरणं आमच्या भिंतीतून येतं. आत्या त्यावर वेळ ओळखतात. तरी मी लिहून घेतलं.

"भूक?"

"अन्नावर वासनाच उडालं बघ," असं म्हणत तिनं ताटातली दुसरी भाकरी मोडली.

"मन कशात रमतं?"

"आता काय रमायचं राहिलंय? चाललंय आपलं. दिवस ढकलायचं."

मग समोरची शांता. नवी सून, गालावर खळी, पायात पैंजण. तिला प्रश्न विचारला की उत्तर तिची सासू द्यायची. "तिला काय हुतंय? खातीया, पितीया, झोपतीया." म्हणजे निरोगी. पण सासू आत वळली की शांता घाईघाईनं कुजबुजायची, "न्हाय वो ताई, लई तरास हाय, पर कुटं बोलायचं?" आणि सासू बाहेर आली की पुन्हा खळी. आता हिला कुठं घालू मी?

अख्खी आळी फिरले. जिथं जाईन तिथं तेच. झोप नाही, भूक नाही, चाललंय आपलं. एक बाई तर उत्तर देता देता दळण दळत होती, ओव्या म्हणत होती आणि मध्येच थांबून सांगत होती की तिला जगायची इच्छा उरलेली नाही.

आणि इकडं दवाखान्यातल्या बायका, रडू येतं एवढं सोडलं तर, काय म्हणाल्या होत्या? कुंभारीहून एक बाई यायची एस.टी.नं. तिला मी विचारलं होतं कसं वाटतंय. ती म्हणाली, "ब्येस हाय की. हितं कुनीतरी बसवून इचारतंय तरी." चहा मिळतोय, सासू बरोबर नाही, खुर्चीवर बसायला मिळतंय. आजारी बायका अशा खुशीत.

मी सगळ्या उत्तरांची बेरीज मांडली. पेठ दवाखान्यापेक्षा आजारी निघाली.

आत्यांना म्हटलं, "आत्या, सगळ्या बायका खोटं का बोलतात?"

आत्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आगं, मी लई सुकात हाय असं तोंडानं कुनी म्हनतं व्हय? लगीच दिष्ट लागती की."

बघा आता. हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना कधी दृष्ट लागली नसावी.

सरांना दाखवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "तुमच्या पेठेला दाखलच करून घ्यावं लागेल सगळ्या," म्हणाले. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, "दोष बायकांचा नाही. तुम्ही त्यांच्या ओळखीच्या. शिवाय कोण आजारी, कोण निरोगी हे तुम्हाला आधीच माहीत. तुमचा कान तसाच ऐकणार. विचारणारा परका पाहिजे, आणि त्याला यातलं काहीही ठाऊक नसलं पाहिजे."

तो परका माणूस म्हणजे मिरजेचे एक वयस्कर डॉक्टर. जन्म मनाचे आजार बरे करण्यात गेलेला. सरांच्या शब्दाखातर एक दिवस येणार होते. पेशंट बायका आणि पेठेतल्या बायका एकत्र बसवायच्या, एकेकीला आत पाठवायचं. नाव नाही, गाव नाही, ओळख नाही. डॉक्टर तेच प्रश्न विचारणार आणि सांगणार, ही आजारी, ही निरोगी. त्यांनी बरोबर ओळखल्या तर प्रबंध पक्का.

"आणि तुम्ही," सर मला म्हणाले, "डॉक्टरांशी एक शब्द बोलायचा नाही. तुमच्या तोंडाकडं बघूनसुद्धा त्यांना काही कळता कामा नये. हवं तर घरात कोपऱ्यात उभ्या राहा."

घरात म्हणजे आमच्याच घरात. दवाखान्यात बोलावलं तर पेठेतल्या बायका यायच्या नाहीत आणि कॉलेजात तर मुळीच नाहीत. आमची माडी ठरली. वरचं बोलणं खाली ऐकू येऊ नये म्हणून मी आत्यांना सांगितलं, डॉक्टर असेपर्यंत रेडिओ चालू ठेवा, मोठ्यानं.

आत्यांना काय आनंद झाला म्हणता. मोठे डॉक्टर आपल्या घरी. लगेच बेसन भाजायला घेतलं. आणि मला न सांगता आणखी एक काम केलं, ते मला मागाहून कळलं. दारोदार जाऊन सांगून आल्या, "परका मानूस येनार हाय. त्येच्यापुढं रडगानं गाऊ नका. पेठंची अब्रू हाय. आनि डोस्क्यावरचा पदर पडू द्याचा न्हाय." ओळखीच्या बाईला दुखणं सांगायचं, दृष्ट लागू नये म्हणून. परक्या पुरुषाला सुख सांगायचं, घराची लाज जाऊ नये म्हणून. मी आपली दोन वर्षं पुस्तकात डोकं घालून बसलेली.

तो दिवस उजाडला. सर पेशंट बायकांना टांग्यातून घेऊन आले. परसात सतरंजी टाकली, बेसनाचे लाडू ठेवले, आणि घटकाभरात मला कळेना कोण कुठल्या गटातली. सगळ्यांच्या डोक्यावर पदर, सगळ्यांच्या तोंडात लाडू. कुंभारीच्या बाईनं नरसम्माला विचारलं, "तुमाला कवापासनं औषिद चालू हाय?" आणि नरसम्मानं तिला आपलं पित्ताचं औषध कवापासून चालू आहे ते सविस्तर सांगितलं.

डॉक्टर माडीवर चढले. पांढरा कोट, पांढऱ्या मिशा, हातात पेन्सिल. खाली रेडिओ सुरू झाला. बायका एकेक वर जात होत्या आणि आत्ता गेली, आत्ता आली अशा परत येत होत्या. येताना प्रत्येकीचं तोंड कसं देवदर्शन करून आल्यासारखं. मला वाटलं, डॉक्टर किती हुशार, पटापट ओळखतायत.

ऊन चढलं. सोलापूरचं ऊन, फळ्या तापून माडीचा तवा झाला असणार. शेवटची पाळी शांताची. तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, नळाला पाणी आलं. आता तुम्ही सोलापुरात राहिलेले असाल तर सांगायला नको. नळाला पाणी आलं की बोहल्यावरची नवरीसुद्धा घागर घेऊन निघते. शांता पळाली. वर डॉक्टर शेवटच्या बाईची वाट बघत बसलेत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आत्या म्हणाल्या, "आगं, त्यास्नी च्या तरी न्हिऊन दे. घसा सुकला आसंल. आनि पदर घे डोस्क्यावर."

"आत्या, मी त्यांच्यासमोर विद्यार्थिनी म्हणून..."

"आदी सून हायस."

घेतला पदर. कप-बशी घेऊन जिना चढले. डॉक्टरांपुढं कप ठेवला आणि सरांनी सांगितल्याप्रमाणं तोंडातून शब्द काढला नाही. मान खाली घालून उभी राहिले. वडीलधाऱ्या माणसापुढं पाठ फिरवून कसं जाणार? ते जा म्हणतील तेव्हा जायचं.

ते म्हणाले, "बसा."

बसले. मनात म्हटलं, सरांनी डॉक्टरांना सांगितलेलं दिसतंय, प्रबंध हिचाच. बायका झाल्या तपासून, आता आपली तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरगावचे असतात हे मला माहीत होतंच.

डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी लागते?"

हा तर माझाच प्रश्न. म्हणजे डॉक्टर बघतायत की असा प्रश्न टाकल्यावर खऱ्या आजारी बाईकडून काय उत्तर यायला पाहिजे, हे हिला कळतं का. मी हुशार विद्यार्थिनी. वर्गात पहिली. म्हटलं, देऊ आदर्श उत्तर.

"लागते," मी म्हणाले, "पण पहाटे जाग येते. जाग आली की हात शेजारी जातो, आणि हाताला भिंत लागते."

बोलून गेले आणि मलाच वाटलं, वा, काय नेमकं सांगितलं. पुस्तकातसुद्धा इतकं चांगलं नव्हतं.

"भूक?"

"भूक लागते. पण भाकऱ्या करायला बसले की रोज एक जास्त होते. दोघींपुरतं पीठ घेते, तरी एक जास्त."

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. "मन कशात रमतं?"

"पत्र येतं तेव्हा रमतं. पण ते मला मोठ्यानं वाचावं लागतं, सगळ्यांसमोर. त्यात माझ्यासाठी एकच ओळ असते. तिला अभ्यास कर म्हणावं."

"ती ओळ कशी वाचता?"

हा प्रश्न माझ्या प्रश्नांत नव्हता.

"जरा सावकाश वाचते," मी म्हणाले.

मग काय झालं कुणास ठाऊक. आदर्श उत्तर कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं, मला कळलंच नाही. मी बोलतच राहिले. ह्यांचा सदरा धुऊन ठेवलाय तो पुन्हा काढून पुन्हा धुते, आत्यांना वाटतं धूळ बसली. भंडाऱ्याला पाऊस आहे असं रेडिओवर सांगितलं की मी इथं वाळत घातलेले कपडे आत आणते. गड्ड्याच्या जत्रेला आले तेव्हा घरात इतकी पाव्हणी की दोघांना धड बोलायलासुद्धा मिळालं नाही, आणि जाताना एस.टी.त बसल्यावर हे खिडकीतून मला म्हणाले, अभ्यास कर.

"रडू येतं का?" डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं.

"येतं. पण रडायला जागा नाही. खाली आत्या, भिंतीपलीकडं नरसम्मा. इथं माडीवर रडले तर खाली सगळं ऐकू..."

आणि तिथं मी थांबले. कारण खालून रेडिओ ऐकू येत नव्हता.

"हे कुणाजवळ बोललात कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी विचारलं नाही."

विचारणार कोण? पेठेत प्रश्न विचारत फिरणारी बाई मीच होते.

डॉक्टरांनी गार झालेला चहा पिऊन टाकला, आणि आपल्या मुलीला म्हणावं तसं म्हणाले, "या आता. बऱ्या व्हाल."

तुम्हाला खोटं वाटेल, पण जिना उतरताना, डोळे पुसता पुसता, माझ्या मनात काय होतं सांगू? तोंडी परीक्षा चांगली गेली.

खाली परसात आले. पाणी भरून बायका परत आलेल्या. घागरी तशाच कमरेवर. नरसम्माच्या हातातला लाडू तोंडाच्या अलीकडं थांबलेला. शांता माझ्याकडं बघून हमसून रडत होती, आणि कुंभारीची बाई तिची पाठ थोपटत होती. आत्या रेडिओपाशी उभ्या. हात बटणावर. माझा आवाज ऐकू आला तेव्हा त्यांनीच तो बंद केला होता.

सर वर गेले आणि लगेच खाली आले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"सगळ्या निरोगी," सर म्हणाले. "पेठेतल्या निरोगी. दवाखान्यातल्याही निरोगी. सगळ्यांनी सांगितलं, लई सुखात आहोत."

"सगळ्या?"

"एक सोडून. एक मात्र खरोखरच आजारी आहे म्हणाले. तिला आधी बघा म्हणाले."

"कोण सर?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. घातला. "चहा घेऊन आलेली."

आता हसा. हे इथंच थांबायचे आणि लोक हसून हसून लोळायचे. पण मी तेव्हा परसाच्या पायरीवर जाऊन बसले. प्रबंध बुडाला. एक अख्खा उन्हाळा, एक पावसाळा, एक दिवाळी आणि एक जत्रा, एवढं सगळं पुन्हा भिंतीला हात लावत काढायचं. सर माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसले. त्यांनी एक लाडू खाल्ला, मग दुसरा खाल्ला. दुसरा संपताना म्हणाले, "पद्धत का फसली हे तुम्हाला कळलंय का, जगतापबाई?"

"कळलंय सर. बाई प्रश्नाला उत्तर देतच नाही. कोण विचारतंय आणि कोण ऐकतंय, त्याला उत्तर देते."

"मग तेच लिहा. नीट लिहा. तोच प्रबंध."

पण माझी फजिती संपली नव्हती. दिवे लागायच्या वेळी आत्या माझ्यापुढं येऊन बसल्या. म्हणाल्या, "कागद घे. दत्ताला लिव्हायचं हाय."

दत्ता म्हणजे हे. आत्यांची पत्रं मीच लिहायची, हे ओघानं आलंच. घेतला कागद.

"लिही. तुजी बायकू आजारी हाय."

"आत्या, मी आजारी नाही."

"डॉक्टर तू हायस का त्यो? लिही. मिरजंच्या मोट्या डॉक्टरनं तपासलंय. हितं तिला गुन येनार न्हाय. परीक्षा झाली की तिला घिऊन जा. क्वाटर मिळू दे न्हायतर तंबू मिळू दे. माजी काळजी करू नगं, मी माढ्याला भावाकडं जाईन."

आपल्या हातानं आपलं दुखणं असं कुणी लिहिलंय का आजवर? मी लिहिलं. शुद्धलेखनासकट. आत्या म्हणाल्या, "त्या जास्तीच्या भाकरीचं मला ठाव हाय. तू निजलीस की मीच ती झाकून ठिवते. माजाबी त्यो ल्योकच हाय की."

मग त्या उठल्या. "आता खाली जागा हाय न्हवं? तितं तुला काय लिव्हायचं त्ये लिही. मी बगत न्हाय. तसंबी मला कुटं वाचता येतंय?" आणि आत निघून गेल्या.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला माझी जागा मिळाली होती. कागदाचा अर्धा भाग कोरा. कुणी ऐकणारं नाही. जे डॉक्टरांपुढं भडाभडा बोलले ते सगळं लिहायचं होतं. हात, भिंत, सदरा, सगळं. मी पेन धरून बसले. आत आत्यांनी मुद्दाम भांड्यांचा आवाज केला, मला मोकळं वाटावं म्हणून. आणि मी, दोन वर्षं माणसाच्या मनाचा अभ्यास केलेली, वर्गात पहिली आलेली बाई, काय लिहिलं असेल?

"इकडे काळजीचे कारण नाही. चाललंय आपलं."

हे म्हणायचे, "अर्ध्या पत्रात बायको मरणाला टेकलेली, आणि त्याच अक्षरात खाली, चाललंय आपलं. मी रजेचा अर्ज न देताच गाडीत बसलो." खरंच आले हो. हातात पिशवीसुद्धा नव्हती. दारात उभं राहून मला नखशिखांत बघितलं, आणि आईसमोर विचारायचं कसं म्हणून आधी विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?"

प्रबंध पास झाला. मी भंडाऱ्याला गेले. हे किस्सा इथं संपवायचे. पण याच्या पुढचं एक आहे, ते मला ठाऊक आहे हे ह्यांना कधी कळलं नाही.

गेल्या गेल्या मी ह्यांना माझे सगळे प्रश्न विचारले होते. गंमत म्हणून. एकटे असताना झोप लागायची? "लागायची की." भूक? "भरपूर." मन कशात रमायचं? "कामात. चाललं होतं आपलं." आणि मी मनातल्या मनात खूण केली, निरोगी. थोडा रागही आला. मी इकडं झुरतेय आणि हे मुरूम मोजत मजेत.

पुढं पावसाळ्यात कालव्यावरच्या मुकादमाची बायको माझ्याकडं बसायला आली. बोलता बोलता म्हणाली, "आता साहेब टेशनावर जात नाही जी?"

"स्टेशनवर कशाला?"

"तुमी यायच्या आंदी रोज जात होते. मुंबईकडची गाडी आली का जात. सारे लोक उतरेपर्यंत उभे राहत, मंग वापस येत. आमी पुसलं, कोणी येणार हाये का जी? तर म्हणे, नाही, उगीच."

मी ह्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, काही नाही गं, पाय मोकळे करायला. म्हणून म्हणते, एम.ए. झाले, प्रबंध लिहिला, प्रश्न कसे विचारू नयेत यावर पानंच्या पानं लिहिली, आणि माझ्या उभ्या आयुष्यातलं पहिलं निदान सपशेल चुकलं.

हसलात ना? आणि चहा नाही सांडला कुणी, हे नवल. थांबा, उठू नका. भांड्यात अजून एक कप उरलाय. मोजूनच टाकते हो मी, आपल्याएवढाच. तरी रोज एक जास्त होतो. मघाशी आल्या आल्या तुम्ही विचारलंत, एकट्या कशा आहात, आणि मी म्हटलं, चाललंय आपलं.

घ्या, आणा तो कप इकडं. वाटून घेऊ.